भाऊजींची वही

अप्रकाशित ग्रंथाची समीक्षा करायचा आपल्याकडे प्रघात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ती करणार, कारण या ग्रंथाने माझा फ्रिज, चार गाद्या, सौ.चं शिवणयंत्र आणि मुलीची बारावीची गुणपत्रिका एवढा ऐवज गिळलेला आहे. इतकी किंमत मोजून मी दुसरं कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही.

ग्रंथ म्हणजे दोनशे पानी वही. ग्रंथकर्ते आमचे थोरले भाऊजी, मुक्काम पोलादपूर. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गाडी सुटायची वेळ आणि सुटलेली वेळ, या दोन रकान्यांत उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर रकाने रिकामे राहवेनात, म्हणून त्यांनी वेधशाळेला धरलं. ‘वेधशाळा काय म्हणाली’, ‘काय झालं’ आणि ‘शेरा’. शेरे दोनच. निळ्या शाईत ‘खरं’, तांबड्या शाईत ‘थाप’. दारासमोरचा ओढा साकवावरून वाहिला तर अतिवृष्टी झाली, नाही तर नाही, हे त्यांचं शास्त्र.

एका पावसाळ्याची बेरीज त्यांनी मला वाचून दाखवली. जून ते सप्टेंबर दिवस १२२. धोक्याचा इशारा बारा दिवस. त्यांतले तीन खरे, नऊ थापा. म्हणजे वेधशाळेचे बरोबर दिवस ११३. “आणि मी रोज सकाळी काय म्हणतो? आज काही होत नाही. माझे बरोबर दिवस ११९! आता सांग, वेधशाळा कोणी चालवायला हवी?”

मी मान डोलावली. बहिणीचं घर, त्यातून समोर आंबोळ्या.

तीच मान मी २०२१च्या जुलैत महाडात, आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात हलवली, पण आडवी. सौ. म्हणाली, “अहो, इशारा आहे म्हणतात. सामान माळ्यावर चढवून घेऊ या का?” मी म्हणालो, “अगं, बारात नऊ थापा असतात. वहीत आहे.” २२ जुलैला सावित्री आणि गांधारी, दोघीही न विचारता घरात आल्या. फ्रिज उताणा होऊन तरंगतो, हे ज्ञान मला घरमालकांच्या वरच्या जिन्यात बसून झालं. सौ. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता परीक्षण.

पहिला दोष हा की ग्रंथकर्त्याच्या मते सगळ्या चुका एका मापाच्या. इशारा दिला आणि पाणी आलं नाही, ही एक थाप. पाणी आलं आणि इशारा नव्हता, हीही एकच थाप. पहिलीत माझी कंबर दुखते, दुसरीत संसार वाहून जातो. शेरा मात्र सारखाच तांबडा! शिवाय चूक केवढी, याचाही पत्ता नाही. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला की तो सरकारी हिशेबात ‘अत्यंत मुसळधार’. समजा, तसं भाकीत केलं आणि २०० पडला, तरी थाप. शिंतोडे आले, तरीही थाप. चूक जितकी मोठी तितका दंड मोठा, एवढी साधी अक्कल कुठल्याही मोजमापात हवी.

गाउस नावाच्या थोर जर्मन गणित्याने १८२१च्या सुमारास चुकीची तुलना जुगाराशी केली होती. असा जुगार की ज्यात जिंकणं नाहीच, फक्त हरायचं. मग किती हरलो म्हणायचं? त्याने चुकीचा वर्ग घेतला. दुप्पट चूक, चौपट दंड. हे आपण सोयीसाठी ठरवलं आहे, हेही त्याने मोकळेपणी सांगून टाकलं. पण त्या सोयीत शंभराचं भाकीत असताना पन्नास पडला काय आणि दीडशे पडला काय, दंड एकच. गाउस महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावर राहत नव्हता.

दुसरा दोष, ‘काही होत नाही’ या भविष्याला मिळालेलं पहिलं बक्षीस. यात मात्र भाऊजी एकटे नाहीत. फिनली नावाच्या अमेरिकन लष्करी हवामानवाल्याने १८८४ साली टोर्नेडोची भाकितं केली. एकूण २,८०३. त्यांतली ९६.६ टक्के बरोबर म्हणून वाहवा झाली. तेव्हा गिल्बर्ट नावाच्या गृहस्थाने दाखवलं की रोज नुसतं ‘टोर्नेडो नाही’ म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते! क्वचित येणाऱ्या संकटाबाबत मुकाट बसणारा नेहमीच हुशार दिसतो. फिनलीने ५१ पैकी २८ टोर्नेडो आधी सांगितले होते. मुकाट बसणाऱ्याने एकही सांगितला नसता.

तिसरा दोष ओढ्याचा. इशारा असतो अख्ख्या रायगड जिल्ह्याला, अलिबागपासून पोलादपूरपर्यंत. पडताळा घेतात एका साकवावर. आणि महाडचं पाणी काही महाडातच पडत नाही. त्या दिवसांत वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला, आणि सावित्री उगम पावते तिथेच.

मी स्वतः एक हिशेब मांडला. सामान माळ्यावर चढवायला दोन माणसं, चहा-वडापाव धरून हजार रुपये. बुडालं ते पन्नास हजारांचं. म्हणजे पन्नासांत एकदा जरी पाणी येणार असलं, तरी चढवणं परवडतं. भाऊजींच्या वहीतला बदनाम इशारा तर चारात एकदा खरा होता! बारा वेळा चढवायचे बारा हजार. हे ऐकून सौ.ने सामान कायमचंच माळ्यावर ठेवायचा विचार मांडला, आणि मीही चुकीच्या भोंग्याला दंडच नको म्हणणार होतो. पण रोज चढवा-उतरवायचं, तर १२२ दिवसांचे एक लाख बावीस हजार होतात. त्यात दोन संसार नवे येतात. शिवाय रोज भोंगा वाजला की तिसऱ्या आठवड्यात गाव कूस बदलून झोपतं. तेव्हा दंड दोन्हीकडे हवा, फक्त सारखा नको.

आणि भाकीत करणाऱ्याला पोटात एक, ओठांत एक ठेवायचा मोह होऊ नये, असाही दंड हवा. १९५०मध्ये ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने तो सुचवला. शक्यता शंभरात किती, ते सांगा. घडलं तर शंभर, नाही तर शून्य. फरकाचा वर्ग करा. यात मनात तीस असताना घाबरवायला नव्वद सांगणारा आणि अंग चोरायला पाच सांगणारा, दोघेही सरासरीने मार खातात. मनातलं तीसच सांगावं लागतं.

हे सगळं मी पोलादपूरला जाऊन भाऊजींना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर काट मारून तिथे लिहिलं, ‘चूक केवढ्याची?’ जुनी पानं नव्याने भरायला बसले. माझा फ्रिज आला, गाद्या आल्या. २२ जुलै २०२१पाशी पेन थांबलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं गेली. इकडे पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्या ओळीचा शेवटचा रकाना त्यांनी कोराच ठेवला आणि पान उलटलं.

दरडीखालच्या वाड्यांना पावसाळ्यात घरं सोडायला सांगतात, लोक कुरकुरत जातात, काही न होता परत येतात. अशा नोंदींपुढे पूर्वी ‘थाप’ होतं. आता भाऊजींनी तिथे लिहिलं, ‘दोन रात्री शाळेत झोपले. डास.’

एवढ्यात ताई आतून बाहेर आली. मी सातला जेवायला येतो म्हणालो होतो आणि पोचलो होतो साडेआठला. भाऊजींनी लगेच नवं पान काढलं. “भाकीत सात, प्रत्यक्ष साडेआठ,” ते पुटपुटले. “चूक केवढ्याची लिहू गं?”

“भात निवला,” ताई म्हणाली. “आणि मासे मांजराने नेले, तेही लिहा.”