विहिरीतील आत्या

मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचा जन्म १९४० साली कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे, लाँड्री चालविणाऱ्या एका चिनी कुटुंबात झाला. त्यांचे ‘द वुमन वॉरियर’ हे पहिलेच पुस्तक १९७६ साली निघाले. परदेशात जन्मलेल्या मुलाने आईबापांचा देश आपला म्हणावयाचा तो कसा, या प्रश्नावर याहून प्रामाणिक पुस्तक आमच्या वाचनात क्वचितच आले असेल.

पुस्तकाचा आरंभ आज्ञाभंगाने होतो. आई वयात आलेल्या मुलीस एक हकीकत सांगते व ती कोणापाशी काढावयाची नाही, असे बजावते. वडिलांना एक बहीण होती. नवरा अमेरिकेत असता तिला दिवस गेले. गावकऱ्यांनी घराची नासधूस केली. त्याच रात्री डुकरांच्या खोपटात ती बाळंत झाली आणि मुलासह तिने घरच्या विहिरीत जीव दिला. घराण्याने तिचे नावही टाकले. आई एवढेच सांगते. बाकीचे मुलगी रचते. आत्यावर बळजबरी झाली असेल काय? की तिला कोणी आवडला होता? केस विंचरताना ती आरशापाशी रेंगाळत असेल काय? या एका प्रकरणासाठी आम्ही पुढील सारी रणधुमाळी देऊन टाकू. वीरांगना फा मु लान हिचे प्रकरण, खरे सांगावयाचे तर, आम्हांस लांबलेले वाटले.

वाद माजला तो मात्र त्याच प्रकरणावर. किंग्स्टन यांच्या कथेत आईबाप मुलीच्या पाठीवर सूडाचे शब्द कोरतात. चिनी परंपरेत पाठीवरील अक्षरे मुलानची नव्हेत, सेनापती युए फेई याची. अमेरिकेतच जन्मलेले नाटककार फ्रँक चिन यांनी गोऱ्या वाचकांसाठी परंपरा खोटी केल्याचा आरोप ठेवला. वस्तुस्थिती त्यांच्या बाजूस आहे, आणि पुस्तक ललितेतर म्हणून विकले गेल्याने गैरसमजास वाव मिळाला, हेही खरे. निष्कर्ष तथापि आम्हांस मान्य नाही. जिला चीन ग्रंथांतून नव्हे, लाँड्रीत राबणाऱ्या आईच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी मिळाला, तिच्या पदरी दोन कथा मिसळूनच पडणार.

आमच्या एका स्नेह्यांच्या दिल्लीत वाढलेल्या कन्येने एकदा झाशीच्या राणीस रायगडाचा कडा उतरविला होता. आम्ही तत्काळ चूक दुरुस्त केली. ती पुन्हा आम्हांस गोष्ट सांगावयास आली नाही.

शाळेत किंग्स्टन यांची नायिका बोलत नसे. आपल्या चित्रांवर ती काळा रंग फाशी. शिक्षकांनी आईबापांस बोलावून घेतले. तिच्या मनात तो काळा रंग म्हणजे नाटकाचा पडदा होता, आता उघडणारा! पुढे स्वतःसारख्याच अबोल चिनी मुलीस शाळेच्या शौचालयात गाठून ती तिचे गाल चिमटते, केस ओढते, बोल म्हणून छळते आणि अखेर आपणच रडू लागते. ही पाने वाचवत नाहीत, इतकी ती खरी आहेत.

शेवटी येते हान काळातील कवयित्री त्साय येन. भटक्या टोळीने तिला धरून नेले. बारा वर्षे ती परक्यांत राहिली, तेथेच तिला दोन मुले झाली. मुलांना आईची भाषा येत नव्हती. पुस्तकात ती प्रथम तिची टर उडवितात, पुढे तिच्या सुरात सूर मिळवितात. त्साय येन खंडणी देऊन सोडविली जाते व आपली गाणी घेऊन चीनला परतते. त्या दोन मुलांचे पुढे काय झाले, ते मात्र किंग्स्टन सांगत नाहीत.