हमालाचं कार्य शून्य?

समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते. आज आम्ही ती शाळेतल्या एका गणिताची करणार आहोत. ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकलेल्या अनेकांना ते आठवत असेल. एक हमाल २० किलोचं ओझं डोक्यावर घेऊन सपाट फलाटावर १०० मीटर चालतो; त्याने किती कार्य केलं? उत्तर, शून्य. बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं, दोहोंतला कोन ९० अंश, म्हणून गुणाकार शून्य. वर्गात हशा पिकतो आणि तास पुढे सरकतो.

उत्तर चूक आहे असं आमचं म्हणणं नाही. आमचा आक्षेप प्रश्नावर आहे. कार्य विचारायचं तर कोणत्या बलाने केलेलं, कशावर केलेलं आणि कुठून कुठपर्यंत, हे आधी सांगावं लागतं. ओझं तोलून धरणाऱ्या बलाचं ओझ्यावरचं कार्य शून्य, एवढंच हे गणित सांगतं. ‘हमालाने काहीच केलं नाही’ हा अर्थ आपण पदरचा घालतो.

तेच गणित जरा नीट मांडून बघू. ओझं जमिनीवरून दीड मीटर उचललं, तर २० × ९.८ × १.५, म्हणजे २९४ ज्यूल. हे पुस्तकातही असतं. चालू लागताना सेकंदाला एक मीटर वेग घेतला, की आणखी १० ज्यूल; थांबताना ते वजा होतात. पण चालणारा माणूस रुळावरची गाडी नव्हे, तो पावलागणिक वरखाली होतो. ओझं दर पावलाला ३ सेंटिमीटर वर जातं आणि १०० मीटरला १४० पावलं पडतात असं धरा. नुसत्या वर जाण्याचे ८२३ ज्यूल झाले. उचलण्याच्या जवळजवळ पावणेतीन पट! तेवढंच ओझं खालीही येतं, म्हणून बेरीज शून्य. बरं, खाली येताना सुटलेली ऊर्जा शरीराला जशीच्या तशी साठवता येते का? नाही. बरीचशी उष्णता होऊन जाते. हमाल नुसता उभा राहिला तरी स्नायूंतले तंतू एकमेकांना धरत-सोडत राहतात आणि त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होत असते.

मग व्याख्या अशी का? कारण ती यंत्रांसाठी घडली. खाणीतलं किती पाणी किती उंच चढवलं, यावर वाफेच्या यंत्राचं मोल ठरे. १८२९ साली कोरिऑली या फ्रेंच अभियंत्याने बल गुणिले अंतर या राशीला आपल्या भाषेतला कामाचा रोजचाच शब्द दिला. त्याच्या आधी कूलोंबने, हो, विद्युतभारांच्या नियमाचाच तो कूलोंब, ओझी वाहणाऱ्या माणसांचा अभ्यास करताना घडलेला परिणाम आणि आलेला थकवा यांत फरक केला होता. पुढे परिणाम सूत्रात राहिला, थकवा बाहेर पडला.

मराठीने ‘काम’ न घेता ‘कार्य’ घेतलं हे बरं झालं. आपल्या दर्शनांत कार्य म्हणजे कारणातून निपजलेला परिणाम. कष्ट नव्हे, परिणाम मोजायचा आहे, हे त्या शब्दातच आहे. वर्गात मात्र ‘हमाल काम करत नाही’ असा विनोद होतो, आणि त्या वर्गात एखाद्या हमालाची मुलगी बसलेली असते. तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: विज्ञान खोटं, नाहीतर बापाचा घाम खोटा. दोन्ही चूक.

म्हणून प्रश्न असा विचारावा असं आम्हाला वाटतं: ओझ्यावरचं एकूण कार्य शून्य असूनही हमाल का दमतो? त्याची ऊर्जा कुठे गेली? उत्तर द्यायला तास जास्त लागेल. लागू द्या.