रिकाम्या पडद्यावरील वाक्य

ज्यास लेखक नाही, संपादक नाही आणि ज्याची समीक्षाही कोणी करीत नाही, असे एक वाक्य आजकाल असंख्य लोक वाचत असतात : 'कोणतेही परिणाम आढळले नाहीत.' संकेतस्थळावर काही शोधावे, यादी रिकामी निघावी, की हे वाक्य पडद्यावर उभे राहते. वाङ्मयाच्या मासिकात याची चर्चा कशाला, असे वाचक विचारतील. परंतु जे वाचून माणसे पुढचे पाऊल टाकतात किंवा मागे फिरतात, ते गद्यच होय. आणि वाईट गद्याची झडती घेणे समीक्षेस वर्ज्य नाही.

प्रथम भाषा. 'रिझल्ट' या शब्दास 'परिणाम' हा हाताशी आलेला पहिला प्रतिशब्द लावला गेला, आणि शोधाच्या उत्तराला औषधाच्या गुणाची कळा आली. 'कोणतेही... नाहीत' ही रचनाही परक्या साच्यातली. आपण 'एकही नोंद सापडली नाही' असे म्हणू. जी भाषा नारळ आणि बांगडी 'वाढवते', जिच्यात निरोप घेणारा 'येतो' म्हणतो, तिने नकाराचे वळण उसने आणावे याचे आम्हांस नवल वाटते. अर्थात भाषांतरकारास सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्याच्या हाती पुष्कळदा वाक्यांची नुसती यादी पडते. ते कोणत्या पडद्यावर, कोणापुढे उमटणार, हे त्यास दिसत नाही.

शब्दांचा दोष मात्र गौणच. मुख्य दोष असा, की हे वाक्य पुष्कळदा खरे नसते. मुळात नोंदच नसेल. नोंदी असतील, पण घातलेल्या अटीत बसणारी नसेल. किंवा यंत्रणेनेच मध्ये दगा दिला असेल. तिन्ही वेळी उत्तर एकच! आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनास हा भेद नवा नाही. 'निरंक' अहवाल येणे वेगळे आणि अहवालच न येणे वेगळे. दोन्ही रकाने सारखेच रिकामे ठेवणाऱ्या कारकुनाची साहेब गय करीत नाहीत. संगणकाची मात्र केली जाते.

साधनांची उणीव म्हणावी, तर तसेही नाही. ड्रुपलमध्ये याद्या रचण्याचे 'व्ह्यूज' नावाचे साधन आहे. यादी रिकामी निघाल्यास काय दाखवावे, यासाठी त्यात स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. जँगोच्या साच्यात 'फॉर' या आवर्तनाला 'एम्प्टी' ही शाखा जोडता येते आणि यादीत काही नसेल तर तीत लिहिलेला मजकूर उमटतो. पण दोन्हीकडे मिळते ती केवळ जागा. यादी का रिकामी, हे त्या जागेस ठाऊक नसते. ते लिहिणाऱ्याने पाहावयाचे. 'डेटाटेबल्स' हे तक्ते मांडणारे साधन आम्हांस अधिक विचारी वाटते. त्यात दोन वाक्ये वेगळी ठेवली आहेत : 'एम्प्टीटेबल' हे तक्त्यात मुळातच काही नसताना, आणि 'झीरोरेकॉर्ड्स' हे गाळणीतून काहीच न उरल्यावर. दोहोंतील अंतर केवढे मोठे आहे!

बृहन्महाराष्ट्रातील आपणा लोकांस तर ते फारच जाणवावे. उत्तरेकडील कचेऱ्यांत हिंदी वळणाच्या हातून 'काळे' यांचे 'काले' होते. एखादी विधवा निवृत्तिवेतनाच्या यादीत 'काळे' असे लिहून नवऱ्याचे नाव शोधते, असे समजा. 'नोंद नाही' हे उत्तर वाचून ती परत जाईल; वास्तविक नोंद असेल, जुळले नसेल ते एक अक्षर. 'कऱ्हाडे' या आडनावाची गोष्ट याहून विलक्षण. त्यातील अर्धा 'र' संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो : 'ऱ' या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, अथवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण शोधण्यापूर्वी ही रूपे एक करून घेतली नाहीत, तर यंत्राला ती दोन निराळी नावे.

अशा जागी वाक्य असे हवे : '"काळे" या अक्षरांशी जुळणारी नोंद सापडली नाही. "काले" असे लिहून पाहावे, किंवा निवृत्तिवेतनाच्या क्रमांकाने शोधावे.' यात नकार जुळणीला आहे, माणसाच्या हक्काला नाही. गूगलचा शोध अशाच रीतीने विचारलेला शब्द पुन्हा दाखवतो आणि स्पेलिंग तपासण्यास सुचवतो.

हल्ली काही मंडळींना रिकामा पडदा रंजक करण्याची हौस आली आहे. 'अरेरे!' म्हणावयाचे आणि खाली रडवेल्या मांजराचे चित्र काढावयाचे. पुस्तकांच्या किंवा चपलांच्या दुकानात ते खपून जाईल. शिष्यवृत्तीच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या मुलापुढे ते मांजर काढणाऱ्याच्या अभिरुचीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.