समाजकार्याची नोंद : ‘लाभार्थी’ आणि ‘हक्क’ यांचे व्याकरण

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात क्षेत्रकार्याचे स्थान मध्यवर्ती आहे. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत जातो, माणसांना भेटतो आणि जे पाहिले-ऐकले त्याची नोंद लिहितो. ही नोंद मार्गदर्शकाने तपासावयाचा स्वाध्याय असते, हे खरेच. परंतु ज्या माणसाविषयी ती लिहिली जाते, त्याचे समाजातील स्थानही तिच्या वाक्यरचनेतून ठरत असते. या दृष्टीने तिचे परीक्षण करणे अगत्याचे आहे.

मेलबर्न येथे जुलै २०१४ मध्ये संमत झालेल्या समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही चार तत्त्वे केंद्रस्थानी मानली आहेत. ही चारही नामे आहेत. नाम मूल्याचा निर्देश करते. कोणी, कोणासाठी, केव्हापर्यंत काय करावयाचे, हे सांगण्यास क्रियापदच लागते. अनेक देशांना लागू पडणारी व्याख्या संक्षिप्तच असणार. तेव्हा हा दोष तिच्या माथी मारता येत नाही. मात्र ही चार नामे अहवालाच्या समारोपात उद्धृत केली, म्हणजे हक्कांचा विचार झाला, ही समजूत निखालस चुकीची आहे. त्या विचाराची कसोटी नोंदीतील साध्या वाक्यात लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी रचलेले एक वाक्य घेऊ : ‘लाभार्थी महिलेस शिधापत्रिकेबाबत मार्गदर्शन करण्यात आले.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. तथापि ‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. या एका शब्दाने कायद्याने देय असलेली वस्तू कृपेच्या सदरात जाते. ‘महिलेस’ या चतुर्थीने ती केवळ घेणारी ठरते. ‘करण्यात आले’ या प्रशासकीय मराठीच्या लाडक्या प्रयोगात कर्ता लोप पावतो. आता हीच घटना अशी लिहिली असती तर : ‘तिने ३ जूनला अर्ज दिला. कारकुनाने पोच दिली नाही. १८ जूनला ती पुन्हा गेली. तेव्हा अर्ज सापडत नसल्याचे त्याने सांगितले.’ येथे कर्ते दिसतात, क्रिया दिसतात, तारखा दिसतात. पहिल्या वाक्यात विद्यार्थ्याची सेवा नोंदली जाते. दुसऱ्या नोंदीत कार्यालयाची कसूर.

हा फरक केवळ शैलीचा नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितल्यास १५ दिवसांत ते देण्याचे, न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे दायित्व शासनावर टाकले. ‘हमी’ हा शब्द उच्चारताच हमी देणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. पण ते १५ दिवस मोजावयाचे ते अर्जाच्या तारखेपासून. पोच नसेल तर तारीख सिद्ध होत नाही, आणि तारीख नसेल तर हमी कागदावरच राहते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानेही अधिसूचित सेवांना कालमर्यादा व अपिलाची वाट दिली आहे. ‘पोच दिली नाही’ या तीन शब्दांवर एखाद्या कुटुंबाची मजुरी किंवा दाखला अवलंबून असू शकतो.

या अधिनियमाच्या नावातील ‘हक्क’ हा शब्दही लक्षणीय आहे. ‘माहितीचा अधिकार’ असा प्रयोग रूढ झाला असला, तरी मराठीत ‘अधिकार’ शब्दाला सत्तेचाही अर्थ आहे. ‘अधिकारी’ हा त्याच घराण्यातला. ‘हक्क’ या शब्दावर सत्तेची ही छाया पडत नाही. अधिकाऱ्याला अधिकार असतो, नागरिकाला हक्क असतो, असा भेद नोंदीपुरता तरी पाळणे उपयुक्त ठरेल.

आणखी सूक्ष्म विषमता विधानाच्या विश्वासार्हतेविषयी आढळते. ‘महिलेचा दावा असा की…’ आणि ‘कार्यालयीन नोंदीनुसार…’ असे दोन प्रयोग शेजारी आले, की एकीचे बोलणे संशयास्पद व दुसऱ्याचा कागद प्रमाण ठरतो. मेरी रिचमंड यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ या १९१७ च्या ग्रंथात पुराव्याची चिकित्सा हा वैयक्तिक समाजकार्याचा पाया मानला. त्यांच्या परिभाषेत निदान वैद्यकातून आले, पुरावा न्यायालयातून. मराठीत रुळलेला ‘केस’ हा शब्दही वकील व डॉक्टर या दोघांचा आहे. ही शिस्त मोलाची आहे. तिची मर्यादा एवढीच, की तपासणीचा झोत सहसा अडचणीतील माणसावर पडतो. तोच कार्यालयाच्या कागदावरही पाडला, तर रिचमंड यांची पद्धत हक्कांच्या कामी येते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, काही प्रसंगी कर्त्याचे नाव झाकणेच हिताचे असते. बालकांच्या व हिंसाचारग्रस्तांच्या बाबतीत हे सर्वस्वी मान्य करावे लागेल; तेथे गोपनीयता हाच हक्क आहे. मात्र पीडिताचे नाव झाकणे आणि कसूर करणाऱ्या यंत्रणेचे कर्तृत्व झाकणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप असा की, शब्द बदलल्याने परिस्थिती बदलत नाही. येथे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईच्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला म्हणून पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारा इंग्रजी शब्दप्रयोग जाऊन ‘सर्व मानव’ या अर्थाचा आला. त्याने स्त्रियांची परिस्थिती रातोरात पालटली नाही. पण त्या कलमाच्या शब्दांत स्त्रीला वगळण्यास जागा उरली नाही.

विद्यार्थ्याच्या हाती सत्ता नसते, निधी नसतो, नोंदवही असते. तिच्यातील प्रत्येक ‘करण्यात आले’पाशी थांबून ‘कोणी केले, कोणी केले नाही, केव्हा?’ असे विचारण्याची सवय मार्गदर्शकाने लावली, तर सामाजिक न्यायाचे शिक्षण तेथूनच सुरू होईल.