सेल खातो कोण?

अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावरच्या मुलांना खारे वारे आणि मतलई वारे केवळ पुस्तकातल्या चित्रावरून शिकवायचे, हे काही आम्हाला पटत नव्हते. दर पंधरा मिनिटांनी वाळूचे आणि धक्क्याजवळच्या पाण्याचे तापमान नोंदवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड करावा म्हणून आम्ही एक प्रकल्पपुस्तिका उघडली. तिच्यातले मंडल सोपे होते : नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर आणि पुढे बाजारात मिळणारा आर्डुइनो बोर्ड. संध्याकाळी मांडलेला संच मध्यरात्रीच्या आधीच थांबला. मतलई वाऱ्याच्या वेळी नेमका आलेख कोरा!

मुलांनी दोष बॅटरीला दिला. आम्ही तो पुस्तिकेला देतो.

७८०५ वाईट नाही. १९७०च्या दशकापासून तो वापरात आहे; स्वस्त आहे, आणि फार तापला तर स्वतःच बंद पडतो. पण तो जादा व्होल्ट साठवून ठेवत नाही, त्यांची उष्णता करतो. नऊ व्होल्टमधून पाच घेतले की शंभरातले चव्वेचाळीस भाग हवेत गेले. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून २०० मिलिअँपिअर घ्या : ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर म्हणजे १.४ वॅट. पंखपट्टी नसेल तर दर वॅटमागे आतली चिप साधारण ६५ अंशांनी तापते. मे महिन्यातल्या ३३ अंशांत हे ९१ अंश मिळवा; १२५ अंशांची मर्यादा हाताशी येते. पुस्तिका पंखपट्टी लावायला सांगते. मुळात कमी व्होल्ट द्या, असे सांगत नाही.

‘जागा कमी आहे, मग लहान रेग्युलेटर घेऊ’ हा पुढचा विचार. नखाएवढा एएमएस १११७ सगळीकडे मिळतो. मात्र ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याला सव्वाचार व्होल्टहून अधिक लागतात, आणि लिथियम सेल पूर्ण भरल्यावरही ४.२ व्होल्टच देतो. आकार जमला, हिशेब जमला नाही.

खरी गोम याहून वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. पुढे काहीही जोडलेले नसताना रेग्युलेटर स्वतः किती प्रवाह घेतो? ७८०५ आणि १११७ दोघेही सुमारे ५ मिलिअँपिअर घेतात. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले. २००० मिलिअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल सोळा-सतरा दिवसांत संपले, तेही बोर्डाने काहीच केले नाही तर! आमच्या बोर्डावरची एटीमेगा ३२८ चिप दोन नोंदींच्या मध्ये झोपते, तेव्हा तिला काही मायक्रोअँपिअर पुरतात. राखणदाराचा पगार मालकाच्या खर्चाच्या हजारपट झाला. ‘स्विचिंग’ रेग्युलेटर घेतला की वीज वाचते, असे दुकानदार सांगतात. मोठा प्रवाह असेल तर ते खरे आहे. पण लोकप्रिय एलएम २५९६ स्वतःसाठी ५ मिलिअँपिअरच घेतो. शिवाय त्याच्या वेटोळ्याचा त्रास जवळच्या चुंबकीय संवेदकाला होतो. अलिबागकरांना हे नवे नाही : मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागला हलवली गेली.

आमची निवड एमसीपी १७००. स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर, पूर्ण भारावरही पाव व्होल्टहून कमी घट, आणि मागेपुढे एकेक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. दोन पथ्ये पाळावीत. त्याला ६ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून चौकोनी बॅटरी दूर ठेवावी. तो २५० मिलिअँपिअरच देतो. वाय-फायची ईएसपी ८२६६ चिप क्षणभर ३०० च्या वर मागते, तिथे तो अपुरा पडेल.

त्याहून चांगला पर्याय काही वेळा रेग्युलेटर न लावणे हाच असतो. ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा ३२८ ला ५.५ पासून २.७ व्होल्टपर्यंत चालते. डीएस १८बी२० हा तापमान-संवेदक ५.५ ते ३ व्होल्टमध्ये काम करतो. तीन नवे पेन्सिल सेल ४.८ व्होल्ट देतात, थकले की ३. मग मधे कोणाला कशाला उभे करायचे? मात्र चिप सुटी वापरावी लागते. तयार आर्डुइनो बोर्डावरची यूएसबी चिप आणि सदा जळणारा दिवा सेल रिकामे करतच राहतात.

विकत घेण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करावा. रेग्युलेटरच्या पुढचे सगळे काढून टाका, सेलच्या तारेत मल्टिमीटर जोडा आणि मुलांना आकडा वाचू द्या. अडॅप्टर आहेच की, असे कोणी म्हणेल. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकल्यावर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि समुद्रकाठी तसाही प्लग नसतो.

आमचा बोर्ड आता तीन सेलवर, रेग्युलेटरशिवाय चालतो. खाऱ्या हवेने सेलच्या स्प्रिंगवर गंज चढतो, तेवढी एक तक्रार उरली आहे; सेल बसवल्यावर तिथे व्हॅसलीनचे बोट लावतो.