रूपकांना खोटे म्हणणारा मुलगा

मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला लाभला. आपल्या वाचन मंडळात अलीकडे ती पुन्हा वाचली गेली, तेव्हा बहुतेक सभासदांनी तिचे वर्णन ‘एका स्वमग्न मुलाची गोष्ट’ असे केले. या वर्णनाशी मला थोडे भांडावयाचे आहे. एक तर कादंबरीच्या संहितेत निदानाचे नावच नाही. ते वाचकाच्या मनात भरले ते मुखपृष्ठावरील मजकुरामुळे. दुसरे असे की, कादंबरीत मग्नता जितकी मुलाची आहे तितकीच त्याच्या भोवतालच्या शहाण्या माणसांचीही आहे.

स्विंडन गावातला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून हा निवेदक. शेजारणीचा कुत्रा मध्यरात्री बागकामाच्या दाताळ्याने भोसकलेला त्याला दिसतो आणि होम्सचा हा भक्त तपासाला लागतो. प्रकरणांना क्रमांक आहेत ते केवळ मूळसंख्यांचे. त्याला खोटे बोलता येत नाही, आणि रूपक हे त्याच्या मते खोटेच. (आपल्या घरात असा मुलगा वाढला तर त्याचे काय होईल? आपल्याकडे पोटात कावळे ओरडतात, जीव भांड्यात पडतो आणि लोक हातावर तुरी देऊन पळतात.) ‘आणि’ने जोडत नेलेली त्याची सपाट वाक्ये वाचताना प्रौढांमधील प्रेम, विश्वासघात आणि लाज आपल्याला त्याच्या आधीच उमगते. या उपरोधावर कादंबरी उभी आहे आणि तिथेच तिचा धोकाही आहे. आपल्याला कळले, त्याला कळले नाही, या जाणिवेने वाचक सुखावतो व दयाळू होतो.

हॅडन यांचे श्रेय हे की ते वाचकाला तेथे फार वेळ बसू देत नाहीत. आई वारली असे वडिलांनी सांगितलेले. ती लंडनमध्ये जिवंत आहे. कुत्रा कोणी मारला हे कळल्यावर तर चेहरे वाचता न येणारा हा मुलगाच एकटा कोणाला फसवीत नाही, हे ध्यानात येते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की, न कळणे हे दुहेरी असते. आपल्यालाही ही माणसे कळत नाहीत, पण त्याला कोणी आपला विकार म्हणत नाही. कादंबरी हे नऊ वर्षे आधी सांगून गेली होती.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती आईची पत्रे. नाताळच्या खरेदीत गर्दीला भिऊन मुलगा जमिनीवर पडून किंचाळला, वस्तू पाडल्या आणि शेवटी त्याला घेऊन तिला घरापर्यंत चालत जावे लागले, हा प्रसंग ती स्वतःला न सोडता लिहिते. आपल्यापाशी सबुरी नव्हती, हे ती कबूल करते. ते वाचताना मला ग्वाल्हेरच्या वाड्यातली माझी मावशी आठवली. तिचा मुलगा विहिरीच्या कट्ट्यावर बसून तासन्‌तास ओंजळीतली वाळू सोडीत असे. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तिला विचारीत, डोहाळ्यांत काही पथ्य चुकले का. पुढे समजले की याच आरोपाची विद्वान आवृत्तीही होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात स्थान दिले, पण पालकांच्या थंडपणावरही बोट ठेवले. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’मध्ये आईलाच दोषी धरले. वास्तविक बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधावे असे लिहिले होते, आणि १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे निर्देश केला. मावशीपर्यंत यातले काहीच पोचले नाही.

गणिताविषयी मात्र माझी तक्रार आहे. ख्रिस्तोफरला अवघड परीक्षेत उत्तम श्रेणी देऊन लेखकाने वाचकाची सोय केली. ‘रेन मॅन’ (१९८८) या चित्रपटापासून लोकांना अशी भरपाई हवीच असते. माझ्या मावसभावाकडे कोणतीही विद्या नव्हती. त्याच्यावर कादंबरी कोण लिहिणार?

उलट शिव्हॉन ही शिक्षिका मला आदर्श वाटते, आणि तिच्यावर समीक्षकांनी फारसे लिहिलेले नाही. ‘गप्प बस’ म्हटले तर किती वेळ गप्प बसावे हे मुलाला कळत नाही. ती काय करू नये आणि किती करू नये, ते नेमके सांगते. गोंगाट, प्रकाश, स्पर्श यांचा जाच कमी करणे, पुढे काय होणार ते आधी सांगून ठेवणे, उत्तराला वेळ देणे : सहाय्य म्हणतात ते बहुतांशी एवढेच असते.

आता आपल्या घरचे. ‘स्वमग्न’ हा आपला शब्द सुंदर आहे, नको इतका. ‘ध्यानमग्न’च्या शेजारी बसून तो मूल आपखुशीने आत गेले असे सुचवितो. मूळ शब्द घडविणाऱ्या ब्लॉयलर यांनीही ग्रीक ‘स्व’च घेतला होता, त्यामुळे दोष एकट्या मराठीचा नाही. पण परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे भाषेचा आणखी एक प्रश्न उभा राहतो. बडोद्याच्या माझ्या पुतणीला एका तज्ज्ञाने बजावले, मूल गोंधळते, घरात एकच भाषा ठेवा, शाळेची. दोन भाषांमुळे अशा मुलांच्या वाढीस अपाय होतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. तरीही हा सल्ला अजून दिला जातो. त्या घरात आजीला मराठीखेरीज काही धड येत नव्हते. दीड वर्ष ती नातवाशी जवळजवळ बोललीच नाही.

मग पुतणीने तो सल्ला सोडून दिला. गेल्या दिवाळीत तो सात वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आजीला म्हणाला, ‘तुला करंजी हवी.’ सर्वनामांची अशी उलटापालट कॅनर यांनीही नोंदविली आहे. आजीने त्याला दुरुस्त केले नाही. ‘हो, हवी ना,’ म्हणून एक करंजी त्याच्या हातावर ठेवली.