पाठमोरे शिरस्त्राण

ऐतिहासिक व्हिडिओ गेमची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबते : दाखवले ते खरे आहे का? युबिसॉफ्टच्या २०२० सालच्या ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ या गेममधील ‘थेन’चे शिरस्त्राण पाहताना मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : ते कोणी पाहावे म्हणून घडवले आहे?

थेन म्हणजे अँग्लो-सॅक्सन राजाचा सरदार. त्याच्या नावाचे हे शिरस्त्राण गेममध्ये नवव्या शतकातील इंग्लंडात उतरलेल्या व्हायकिंग नायकाला मिळते. त्याच्या घराण्यातले सर्वांत प्रसिद्ध शिरस्त्राण १९३९ मध्ये सफोकमधील सटन हू येथे, जहाजासह केलेल्या दफनात सापडले. सातव्या शतकाच्या आरंभीच्या या वस्तूचे पाचशेहून अधिक तुकडे झाले होते. हर्बर्ट मेरियन यांनी १९४५-४६ मध्ये ते एकदा जुळवले. नायजेल विल्यम्स यांनी १९७०-७१ मध्ये पुन्हा वेगळे जुळवले. आज आपल्या परिचयाचा चेहरा या दुसऱ्या जुळणीचा आहे.

तो चेहरा समोरून वाचायचा असतो. भुवया हे पंख, नाक हे धड, मिशी ही शेपटी. या सर्वांतून झेपावणारा एक प्राणी दिसतो. भुवयांखाली गार्नेटचे लाल खडे आहेत. परंतु त्यांच्यामागे सोन्याचा वर्ख आहे तो एकाच भुवईत. नील प्राइस आणि पॉल मॉर्टिमर यांनी २०१४ मध्ये मांडले, की दरबारातील अग्नीच्या उजेडात एक डोळा चमके, दुसरा विझल्यासारखा दिसे; आणि पाहणाऱ्यांना एकाक्ष ओडिन आठवे. हा अर्थ मान्य केला, तर शिरस्त्राण पुरे होते ते समोर बसलेल्यांच्या नजरेत.

गेममध्ये ही नजर उलटते. कॅमेरा नायकाच्या पाठीमागून चालतो; लढताना खेळणाऱ्याला दिसतो तो शिरस्त्राणाचा मागचा भाग. कार्बन, निकेल, टंगस्टनच्या लगडी देऊन लोहाराकडून दर्जा वाढवला, की रूप अधिक नक्षीदार होते. पण शत्रू ते पाहून बिचकत नाही. संवादाच्या दृश्यांत कॅमेरा समोर येतो, हे खरे. तरी समोरची पात्रे शिरस्त्राणाची दखल घेत नाहीत. त्याला निवांत न्याहाळतो तो सामानाच्या पडद्यासमोर बसलेला मालकच.

दोन-अडीच शतकांच्या कालविपर्यासाचा आक्षेप मला गौण वाटतो. जुनी शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली जात. खटकते ते वेगळेच. या कथेतील नायकाच्या अंतरंगात ओडिनच वसलेला आहे. मुखवटा चढवून माणूस देव कसा भासतो, हे दाखवायला याहून योग्य कथा कोणती? गेमने आकार हुबेहूब उचलले. ज्यांच्यासाठी ते घडवले जात, त्या प्रेक्षकांना मात्र दरबाराबाहेर ठेवले.